नॉर्स देवांशी भेटीची देवाणघेवाण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नॉर्वेत, ट्रॉन्डहाइमला राहते. गेली काही वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी फ्योर्डकाठच्या, म्हणजे जमिनीत खोल शिरलेल्या समुद्राच्या खाडीकाठच्या, एका झाडाच्या मुळाशी थोडं मीड, म्हणजे मधापासून केलेलं मद्य, ओतते आणि थॉर या मेघगर्जनेच्या देवाशी दोन शब्द बोलते. पुण्यातल्या मैत्रिणी, इथली मराठी मंडळी, माझी धाकटी मावशी असे सगळेच त्याबद्दल विचारत असतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदा नीट बसून उत्तरं लिहिली.

ब्लोत म्हणजे काय? आणि हा धर्म अजून कुठे शिल्लक आहे?

ब्लोत हा स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेतला शब्द. देवाला काही अर्पण करून त्याची पूजा करणं, हा त्याचा अर्थ. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क आणि आइसलंडमध्ये ख्रिस्ती धर्म येण्याआधी हीच मुख्य उपासना होती. आइसलंडने इ.स. १००० च्या सुमारास आपल्या अल्थिंग या लोकसभेत ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि उघड पूजा हळूहळू बंद पडली.

आज आपण जे करतो ते अखंड चालत आलेलं नाही. मधली कित्येक शतकं रिकामी आहेत, हे मान्य करूनच पुढे जायला हवं. १९७२ साली आइसलंडमध्ये काही जणांनी एकत्र येऊन आउसात्रूआरफेलागिद ही संस्था काढली. तिचे पहिले प्रमुख स्वेइनब्योर्न बेइनतेइनसोन हे मेंढ्या पाळणारे शेतकरी आणि कवी होते. १९७३ मध्ये तिला सरकारी मान्यता मिळाली. डेन्मार्कमध्ये फोर्न सिद्र या संस्थेला २००३ मध्ये अशीच मान्यता मिळाली. नॉर्वेतही नोंदणी झालेल्या संस्था आहेत. बाकी बरेच जण माझ्यासारखे घरच्या घरी किंवा पाच-दहा जणांच्या गटात करतात.

आणि जे करतात त्याचं मूळ एकच: द्यायचं, घ्यायचं, पुन्हा द्यायचं.

देवाला काही देऊन त्याच्याकडून काही मिळवायचं, ही लाच नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. उत्तर द्यायला मला आईच्या स्वयंपाकघरात जावं लागतं.

आमच्याकडे नियम होता, शेजारून आलेली वाटी रिकामी परत जायची नाही. समोरच्या काकूंकडून कोथिंबिरीच्या वड्या आल्या की त्यांची वाटी घासून, पुसून ओट्याच्या कोपऱ्यात पालथी घातलेली असायची. तिथे ती चार-सहा दिवस राहायची. मग घरात काही वेगळं झालं की त्यातून जायचं. काहीच जमलं नाही तर चमचाभर साखर. वड्यांची किंमत किती आणि साखरेची किती, हा हिशेब कुणी केला नाही. पण वड्या आल्यानंतर पाचच मिनिटांत त्याच वाटीत तेवढ्याच वजनाचं काही घालून आईने परत पाठवलं असतं, तर काकूंना वाईट वाटलं असतं. तो व्यवहार मिटवून टाकल्यासारखा झाला असता. वाटी ओट्यावर थांबलेली असते, त्या दिवसांत दोन घरं एकमेकांशी बांधलेली असतात.

हेच 'हाव्हामाल' या जुन्या काव्यात आहे. ओडिन या प्रमुख देवाच्या तोंडी घातलेली ही वचनं १२७० च्या सुमारास लिहिलेल्या 'कोडेक्स रेगिउस' या हस्तलिखितात सापडतात. ते हस्तलिखित शतकानुशतकं कोपनहेगनला होतं, १९७१ मध्ये आइसलंडला परत आलं. त्यात सांगितलंय की माणसाने मित्राशी मित्रासारखं राहावं आणि भेटीला भेटीने उत्तर द्यावं. ही माणसामाणसांतली गोष्ट झाली. पण त्याच काव्यात पुढे देवांच्या पूजेबद्दल बोलतानाही तीच भाषा येते: अति अर्पण करण्यापेक्षा काही न मागणं बरं, कारण भेट नेहमी परतभेटीची वाट पाहते. म्हणजे देवाशी वागायचं ते माणसाशी वागतो त्याच रीतीने.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी १९२५ मध्ये भेटीवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्याची सुरुवात याच हाव्हामालच्या कडव्यांनी होते, आणि पुढे त्याच निबंधात महाभारतातल्या दानधर्माचीही चर्चा आहे. ते वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात 'परस्परं भावयन्तः' येतं, तुम्ही देवांना पुष्ट करा, देव तुम्हाला पुष्ट करोत. ते आपण लहानपणापासून म्हणत आलो, फक्त त्याला कुणी लाच म्हटलं नाही.

लाच लपवून दिली जाते आणि काम झालं की देणारा-घेणारा एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत. इथे ओळख वाढावी म्हणूनच देणं असतं.

'अति अर्पण' म्हणजे काय? जास्त दिलं तर बिघडतं काय?

बिघडतं. हे मी स्वतः करून बसले आहे.

इथे आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात एका नोकरीची मुलाखत होती. आदल्या रात्री मी परवडत नसताना मीडची महागातली बाटली आणली आणि सगळीच्या सगळी बर्फात ओतली. मग थॉरला सांगितलं की ही नोकरी मला पाहिजेच. नोकरी मिळाली नाही. मला फसवल्यासारखं वाटलं, महिनाभर मी त्या झाडाकडे गेलेही नाही. आमच्या गटात एक वयस्कर बाई आहेत, त्या शांतपणे म्हणाल्या, "तू त्याला ओळखत नव्हतीस. पहिल्याच भेटीत इतकं मोठं ओझं त्याच्या दारात टाकलंस आणि लगेच हात पुढे केलास. माणूससुद्धा अवघडला असता."

आपल्याकडे आहेराबाबत जाणती माणसं हेच सांगतात. समोरच्याला फेडता येणार नाही असा आहेर करू नये. देवाला काय फेडता येत नाही, असं कुणी म्हणेल. पण खूप देणाऱ्याच्या मनात खूप मागणं साठतं आणि मग नातं राहत नाही, वसुली राहते. तेव्हापासून मी थोडंच देते आणि चुकवत नाही.

कोणत्या देवाला काय द्यायचं?

पक्की यादी कुणाकडेच नाही. जो कुणी इंटरनेटवर कोष्टक देईल त्याच्याकडे जरा जपूनच बघा.

जुन्या लिखाणात जे मिळतं ते असं. आइसलंडच्या स्नोरी स्तुर्लुसोनने १२३० च्या सुमारास नॉर्वेच्या राजांचा इतिहास लिहिला. त्यात हाकोन राजाच्या काळात सिगुर्द यार्लने (यार्ल म्हणजे मोठा सरदार) ह्लादिर इथे केलेल्या ब्लोतचं वर्णन आहे. त्यात पहिला प्याला ओडिनचा, विजयासाठी आणि राजाच्या सत्तेसाठी. नंतर न्योर्द आणि फ्रेयर या समृद्धीच्या देवांचे, चांगलं पीक आणि शांतता यावी म्हणून. मग गेलेल्या आप्तांच्या आठवणीचा. ह्लादिर म्हणजे आजचं लाडे, ट्रॉन्डहाइमचाच भाग. मी फिरायला जाते ती समुद्रकाठची पायवाट तिथूनच निघते. हे सांगताना माझा ऊर भरून येतो, तरी दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. स्नोरी ख्रिस्ती होता आणि त्या घटनेनंतर सुमारे पावणेतीनशे वर्षांनी लिहीत होता.

फ्रेया या देवीबद्दल एका काव्यात येतं की ओत्तार नावाच्या तिच्या भक्ताने तिच्यासाठी दगडांची वेदी रचली आणि बैलांचं रक्त तिथे इतक्या वेळा शिंपडलं की दगड काचेसारखे झाले. मला त्यातलं रक्त महत्त्वाचं वाटत नाही. दगड काचेसारखे होईपर्यंत तो त्याच जागी येत राहिला, ते महत्त्वाचं वाटतं.

थॉरला मी रोवनच्या झाडापाशी देते. हे लालभडक फळांच्या घोसांचं झाड इथे सगळीकडे दिसतं. विमुर नदीच्या पुरात थॉर वाहून जाणार होता, तेव्हा त्याने रोवनच्या झुडपाला धरलं आणि वाचला, अशी कथा आहे. म्हणून रोवनला थॉरचा तारणहार म्हणतात.

ओडिनने कवित्वाचं मद्य मिळवून आणलं, म्हणून त्याला बरेच जण शब्द देतात. मी ओव्या देते, मराठीतून. त्याला मराठी कळतं का, असं एका भाचीने विचारलं होतं. तिला म्हटलं, ज्याने एका डोळ्याची किंमत मोजून शहाणपण मिळवलं, त्याला मराठी शिकणं जड जाणार नाही.

फ्रेयाला स्ट्रॉबेरी किंवा चॉकलेट द्यावं, असं आजचे अनेक उपासक म्हणतात. चॉकलेट तर कोलंबसनंतर युरोपात आलं, त्यामुळे हा आजच्या माणसांचा अनुभव आहे हे उघड आहे. त्यात वाईट काही नाही. 'हे मला जाणवलं' आणि 'हे जुन्या ग्रंथात आहे' या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की झालं.

ब्लोत प्रत्यक्षात कसं होतं?

आमच्या गटाचं सांगते, दुसरीकडे वेगळं असेल. ऑक्टोबरात हिवाळ्याच्या सुरुवातीचं ब्लोत आम्ही एकाच्या घरामागच्या अंगणात करतो. सात-आठ माणसं, मध्ये जाळ. यजमान जागा शांत करून घेतो, देवांना आणि त्या जमिनीच्या रक्षकांना हाक देतो. मग मीडने भरलेलं शिंग फिरतं. शिंग वळलेलं असतं, पिताना टोक खाली किंवा बाजूला धरावं लागतं. नाहीतर आत हवा अडकते आणि मीड एकदम तोंडावर येतं. पहिल्या वेळी माझा स्कार्फ भिजला होता, त्याला अजून मधाचा वास येतो.

ज्याच्या हातात शिंग येतं तो आपलं म्हणणं मोठ्याने म्हणतो. कुणी आभार मानतं, कुणी गेलेल्या आजोबांचं नाव घेतं, कुणी काहीच बोलत नाही. मग एक घोट प्यायचा आणि शिंग पुढे द्यायचं. शिंगातलं थोडं लाकडी वाडग्यात ओततात. शेवटी यजमान त्या वाडग्यात डहाळी बुडवून प्रत्येकाच्या अंगावर थेंब शिंपडतो. सत्यनारायणानंतर गुरुजी आंब्याच्या पानाने पाणी शिंपडतात ना, मला पहिल्यांदा तेच आठवलं. उरलेलं मातीत ओततात, आणि ओतताना सगळे गप्प असतात. थंडीत गरम मातीचा आणि मधाचा वास येतो. मग जेवण. जेवण हा ब्लोतचाच भाग आहे, कारण देवाला दिलं आणि आपण एकत्र खाल्लं, तेव्हाच भेट पुरी होते.

प्राणी मारतात का?

जुन्या काळी मारत. सिगुर्द यार्लच्या ब्लोतमध्ये घोडे आणि इतर जनावरं मारली जात, रक्त डहाळीने शिंपडलं जाई आणि मांस मोठ्या हंड्यांत शिजवून सगळे खात.

आज आउसात्रूआरफेलागिदमध्ये पशुबळी दिला जात नाही, आणि माझ्या ओळखीचं कुणीही देत नाही. काही देशांत जनावरं पाळणारे थोडे शेतकरी उपासक खाण्यासाठी जनावर कापण्यापूर्वी ते देवाला अर्पण करतात. नॉर्वेत कत्तलीआधी जनावराला बेशुद्ध करणं कायद्याने सक्तीचं आहे. मी शाकाहारी आहे आणि आजवर कुणी मला त्यावरून वेगळं पाडलेलं नाही.

मी दारू पीत नाही. मग?

सफरचंदाचा रस, दूध, कॉफी, घरचं ताक, काहीही चालतं. आमच्या गटात दोघं जण रसाचा घोट घेतात. तुमच्यासाठी जे चांगलं आहे ते द्या.

देवाने भेट स्वीकारली हे कसं कळतं?

जुन्या सागांमध्ये, म्हणजे आइसलंडच्या जुन्या गद्य कथांमध्ये, खुणा मिळतात. ग्लूमच्या सागेत थोरकेल नावाच्या शेतकऱ्याला ग्लूममुळे आपली जमीन सोडावी लागते. जाताना तो एक बैल फ्रेयरच्या मंदिरात नेतो. तू माझा जुना विश्वासू मित्र आहेस, माझ्याकडून पुष्कळ भेटी घेतल्यास आणि चांगली परतफेडही केलीस, असं तो फ्रेयरला म्हणतो. ग्लूमलाही एक दिवस असंच नाइलाजाने हे शेत सोडावं लागो, एवढंच मागतो आणि खूण मागतो. बैल हंबरतो आणि जागीच कोसळून मरतो.

माझ्या झाडापाशी असं काही होत नाही. मी खुणा शोधत नाही. शोधायला लागलं की प्रत्येक कावळा ओडिनचा वाटू लागतो.

मग देव परत काय देतो?

याचं सगळ्यात खरं उत्तर मला एगिल स्काल्लाग्रिमसोनच्या गोष्टीत मिळालं. दहाव्या शतकातला आइसलंडचा हा कवी आयुष्यभर ओडिनचा माणूस होता. म्हातारपणी त्याचा लाडका मुलगा बोद्वार बोर्गारफ्योर्दमध्ये बुडून मेला. एगिलने स्वतःला पलंगाच्या खोलीत कोंडून घेतलं, आता उपाशीच मरायचं म्हणून. त्याची मुलगी थोरगेर्द आली आणि म्हणाली, मलाही तुमच्याबरोबर मरायचंय, दार उघडा. आत गेल्यावर ती समुद्रातलं शेवाळ चघळू लागली. एगिलने विचारलं तेव्हा म्हणाली, याने लवकर मरण येतं. त्यानेही चघळलं. ते खारट, म्हणून तहान लागली. तिने प्यायला मागवलं आणि आलं ते पाणी नव्हतं, दूध होतं. एगिलचा उपास मोडला. मग ती म्हणाली, आता बोद्वारवर कविता करा, ती मी लाकडावर कोरते, मरायचंच असेल तर नंतर मरू.

त्या कवितेत एगिल ओडिनवर चिडलाय. ओडिनने आपली मैत्री तोडली, असं तो सरळ म्हणतो. मी याची पूजा काही हौसेने करत नाही, असंही म्हणतो. पण शेवटाकडे येताना तो कबूल करतो की ओडिनने नुकसानीची भरपाईही केली आहे. निर्दोष कवित्व दिलं, आणि असा स्वभाव दिला की लपलेले शत्रू उघडे पडावेत. मुलगा परत आला नाही. मुलाबद्दल बोलण्याची ताकद मिळाली.

तर देव काय परत देईल, हे आपण ठरवत नाही. मला ती नोकरी मिळाली नाही. त्यानंतरच्या हिवाळ्यात, जेव्हा इथे डिसेंबरात चार-साडेचार तासच उजेड असतो आणि माणूस खचतो, तेव्हा दर गुरुवारी बूट चढवून बाहेर पडायला एक कारण होतं. ते मी थॉरचं देणं मानते. तुम्ही त्याला सवय म्हणाल, तरी मी भांडणार नाही.

नवस बोलता येतो का?

जुन्या काळी बोलत. हॉलफ्रेडच्या सागेत नॉर्वेच्या बंदरात अडकलेले आइसलंडचे खलाशी नवस करतात: वारा स्वीडनकडे नेणार असेल तर फ्रेयरला देऊ, आइसलंडकडे नेणार असेल तर थॉरला किंवा ओडिनला. त्यांना वारा मिळालाच नाही.

माझं मत असं की जेजुरीच्या किंवा तुळजापूरच्या नवसामागे पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख असते, कुळाचं नातं असतं. इथे तुमची ओळख नवी आहे. आधी दोन-तीन वर्षं नुसतं द्या. आणि शिंग हातात घेऊन 'मी अमुक करीन' असं म्हणालात, तर ती शपथ मानली जाते आणि ऐकणारे सगळे तिचे साक्षीदार होतात. आमच्याकडे यजमान अशा वेळी विचारतो, "नक्की?" त्या क्षणी गप्प बसण्यात काही कमीपणा नाही.

दिलेल्या वस्तूचं पुढे काय करायचं?

द्रव असेल तर मातीत. अन्न असेल तर थोडा वेळ ठेवून स्वतः खा किंवा जिथे परवानगी असेल तिथे बाहेर ठेवा. चॉकलेट आणि मनुका बाहेर ठेवू नका, कुत्र्यांना ते विषारी असतं. बाजारातला मध उघड्यावर ओतू नका, त्यातून मधमाश्यांच्या पोळ्यांमध्ये रोग पसरू शकतो. फिती, प्लॅस्टिक, मेणबत्त्यांचे डबे झाडाला लटकवून जाणाऱ्यांचा मला राग येतो. पुढच्या आठवड्यात तो कचरा मीच उचलते.

टिकाऊ वस्तू दिली तर ती परत वापरायची नाही. डेन्मार्कमधल्या इलेरुप ओदाल इथे पंधरा हजारांहून अधिक वस्तू सापडल्या. त्यात तलवारी, भाले, ढाली, आणि कित्येक मुद्दाम वाकवून, मोडून तळ्यात टाकलेल्या. दिलेली वस्तू माणसाच्या उपयोगाची राहू नये, असाच त्याचा अर्थ लावतात. आज मात्र तळ्यात लोखंड टाकू नका.

फक्त मोठ्या देवांनाच द्यायचं का?

नाही, आणि इथल्या साध्या घरांमध्ये तर छोट्यांचीच आठवण जास्त टिकली. नॉर्वेत नाताळच्या रात्री गोठ्यात निस्सेसाठी लोण्याचा गोळा घातलेली खीर ठेवत. निस्से म्हणजे शेताची राखण करणारा ठेंगणा म्हातारा. एका लोककथेत मुलगी गंमत म्हणून लोणी खिरीच्या तळाशी लपवते. निस्से वर लोणी नाही बघून संतापतो आणि गाय मारून टाकतो. परत येऊन खीर खाताना तळाशी लोणी सापडतं, तेव्हा त्याला इतकं वाईट वाटतं की तो शेजारच्या शेतावरून तशीच दुसरी गाय आणून बांधतो.

जमिनीच्या रक्षकांनाही मान असे. आइसलंडच्या जुन्या कायद्यात जहाजाच्या नाळेवरचं अक्राळविक्राळ मुंडकं किनारा दिसण्याआधी काढून ठेवायला सांगितलंय, ते रक्षक घाबरू नयेत म्हणून. परक्या जमिनीवर पाय ठेवताना असं काढून ठेवण्यासारखं माझ्याकडे काय आहे, हा विचार मला स्थलांतरित म्हणून अनेकदा येतो.

हे गोऱ्या लोकांचं, वंशवाद्यांचं प्रकरण नाही ना? भारतीयाला घेतात का?

या चिन्हांवर वंशवाद्यांनी हात टाकलाय हे खरं आहे, आणि 'आमच्या रक्ताचे नसाल तर येऊ नका' म्हणणारे गट आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नका. २०१६ मध्ये अनेक देशांतल्या हीदन, म्हणजे हे जुने देव मानणाऱ्या, संस्थांनी अशा गटांशी संबंध नाकारणारं जाहीर निवेदन काढलं. त्याला हाव्हामालच्या १२७ व्या कडव्याचा क्रमांक नाव म्हणून दिला. त्या कडव्यात सांगितलंय की दुष्टपणा दिसला तर त्याला दुष्टपणा म्हणावं. नवीन गटात जाण्याआधी थेट विचारा. चांगला गट लगेच आणि स्पष्ट उत्तर देतो.

हिंदू राहून हे करता येतं का?

माझ्या घरात गणपती आहे, गौरी बसतात, आणि थॉरचं झाड फ्योर्डकाठी आहे. मला कुणाची समजूत काढावी लागलेली नाही, ना त्याची ना त्यांची.

आइसलंडमध्ये वस्तीला गेलेल्या पहिल्या माणसांत हेल्गी नावाचा एक जण होता. वडील नॉर्स, आई आयरिश. तो ख्रिस्ताला मानायचा, पण समुद्रप्रवासात आणि अवघड प्रसंगी थॉरला हाक मारायचा. कुठे उतरायचं हे त्याने थॉरला विचारलं आणि घराला नाव दिलं क्रिस्तनेस.

सुरुवात कशी करू?

गुरुवारी. नॉर्वेजियनमध्ये गुरुवारला 'तोर्सदाग' म्हणतात, म्हणजे थॉरचा दिवस. घराजवळचं एक झाड निवडा, रोवन नसलं तरी चालेल. कपभर दूध किंवा रस घ्या. आपलं नाव सांगा, कुठून आलात ते सांगा. ओतून द्या. काही मागू नका. कप धुऊन जागेवर ठेवा आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा जा.